मोटारींच्या नगरीत मोटारीवाचून

कोणत्याही नगरीची ओळख आपण सहसा तिच्या नदीवरून, देवालयावरून, किल्ल्यावरून अथवा बाजारपेठेवरून करून घेतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजलिसची ओळख जगाला झाली ती दोन गोष्टींवरून : एक चित्रपट आणि दुसरी मोटार. ज्याला मोटार हाकता येत नाही त्याने त्या नगरीत पाऊलच ठेवू नये, असा उपदेश तेथे जाऊन आलेली मंडळी हटकून करतात. आज गोव्यातील पुष्कळ घरांतील मुलेमुली शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत आहेत आणि त्यांचे आईवडील मधूनमधून त्यांच्याकडे जाऊन राहतात. या वडीलधाऱ्या माणसांना तो उपदेश शिक्षेप्रमाणे भोगावा लागतो. मुलाला वा सुनेला सवड होईपर्यंत खिडकीपाशी बसून राहावे आणि रविवारी मोटारीच्या काचेतून शहर पाहावे, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. हा उपदेश कितपत खरा आहे, तो कसा रूढ झाला आणि मोटारीवाचून ती नगरी पाहावयाची झाल्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम विस्ताराची कल्पना यावी. लॉस एंजलिस शहराचे क्षेत्रफळ सुमारे १,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या एकतृतीयांशाहून किंचित अधिक आहे. २०२० सालच्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली. परंतु शहराची हद्द संपली म्हणजे वस्ती संपते असे नाही. सांता मोनिका, लाँग बीच, पासाडेना अशी स्वतंत्र कारभार असलेली गावे त्याला खेटून वसली आहेत. अशी एकंदर ८८ शहरे आणि भोवतालच्या वस्त्या मिळून जो जिल्हा होतो, त्याची लोकसंख्या एक कोटीच्या घरात जाते. मध्यभागी पेठ, भोवती वस्ती आणि वेशीबाहेर शेते, हे आपल्या मनातील गावाचे चित्र तेथे उपयोगी पडत नाही. बहुतेक घरे बैठी आणि अंगणाची. रस्ते सरळ आणि रुंद. आणि दृष्टी पोहोचेल तेथवर हेच दृश्य पुनःपुन्हा दिसत राहते.

इतकी पांगलेली नगरी मोटारीनेच निर्माण केली असणार, असे कोणालाही वाटेल. विद्यार्थिमित्रहो, इतिहास मात्र निराळाच आहे. ही नगरी प्रथम पसरली ती रेल्वेने! १९०१ साली हेन्री हंटिंग्टन या धनाढ्य गृहस्थाने ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ नावाची विजेवर चालणारी रेल्वे काढली. तिचे लाल रंगाचे डबे अल्पावधीतच समुद्रकिनारी, डोंगराच्या पायथ्याशी आणि नारिंगांच्या बागांतून धावू लागले. तिचे जाळे सर्वांत मोठे झाले त्या काळी तिच्या रुळांची लांबी १,००० मैलांहून, म्हणजे १,६०० किलोमीटरांहून अधिक होती. हंटिंग्टनची खरी दृष्टी तिकिटांच्या उत्पन्नावर नव्हती. ती जमिनीवर होती. मोकळ्या माळावर आधी रूळ टाकावयाचे, मग त्या माळाचे भूखंड पाडून विकावयाचे, असा हा व्यवहार होता. त्यामुळे शहर एका जागी दाट न होता रुळांच्या कडेकडेने दूरवर पांगत गेले. शहराच्या अंतर्भागात दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्या ट्रामगाड्या धावत असत, त्या वेगळ्याच.

पुढे मोटारी आल्या आणि रुळांनी आखून दिलेल्या या विस्तीर्ण पटावर त्या सहज पसरल्या. बऱ्याच ठिकाणी आगगाडी आणि मोटार एकाच रस्त्यावरून जात. मोटारींची दाटी वाढली तशी गाडीची गती मंदावली. गती मंदावली तसे प्रवासी घटले. आणि जे गेले ते स्वतःची मोटार घेऊन त्याच दाटीत भर घालू लागले. ३० डिसेंबर १९४० रोजी पासाडेनाकडे जाणारा, केवळ मोटारींसाठी बांधलेला ‘अरोयो सेको’ मार्ग खुला झाला आणि मग असे द्रुतगती मार्ग एकामागून एक होत गेले. ९ एप्रिल १९६१ रोजी लाँग बीचची शेवटची लाल गाडी धावली. ३१ मार्च १९६३ रोजी शहरातील शेवटची ट्रामही थांबली. मोटार-उद्योगातील कंपन्यांनी संगनमत करून ट्राम मारली, अशी एक कथा तेथे सांगितली जाते. तिला थोडा आधार आहे. पिवळ्या ट्रामगाड्या १९४५ साली विकत घेणाऱ्या कंपनीला व तिच्या पाठीराख्यांना बसगाड्या व इतर सामग्रीच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल १९४९ साली न्यायालयाने दोषी ठरविले होते. तथापि लाल गाड्यांचा ऱ्हास त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू झाला होता. एकट्या कटाने एवढे मोठे जाळे तुटत नाही. शहराने आपल्या रस्त्यांवर कोणाचा हक्क मानावयाचा हे ठरविले, आणि तो निर्णय मोटारीच्या बाजूने गेला.

या निर्णयाचा एक पुरावा कायद्यातच सापडतो. १९२५ साली लॉस एंजलिसने वाहतुकीचा एक नियम केला आणि पायी चालणाऱ्याने रस्ता ठरावीक जागीच ओलांडला पाहिजे असे बंधन घातले. तोवर रस्ता सर्वांचा होता. त्यानंतर पादचारी हा तेथे परवानगीने येणारा पाहुणा झाला. पुढे इतर शहरांनीही या नियमाचे अनुकरण केले. तब्बल ९८ वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून, कॅलिफोर्निया राज्याने असा कायदा अमलात आणला की, वाहनाशी टक्कर होण्याचा तात्काळ धोका नसेल तर भलत्या जागी रस्ता ओलांडणाऱ्याला पोलिसांनी अडवू नये. दरम्यानच्या काळाची साक्ष एका प्रसिद्ध लेखकाने देऊन ठेवली आहे. रे ब्रॅडबरी (१९२०–२०१२) हा विज्ञानकथाकार जवळजवळ सारे आयुष्य लॉस एंजलिसमध्ये राहिला आणि मोटार चालवावयास कधीच शिकला नाही. एकदा रात्री पायी हिंडत असताना पोलिसाने त्याला हटकले. त्या अनुभवातून त्याची ‘द पेडेस्ट्रियन’ ही कथा जन्मली आणि १९५१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील मनुष्याचा अपराध एवढाच, की तो रात्री रस्त्यावरून चालत होता. मोटारीवाचून त्या नगरीत लेखकाचे आयुष्य सुखाने पार पडू शकते, हेही ब्रॅडबरीच्याच उदाहरणावरून सिद्ध होते.

आता या इतिहासाचा प्रवाशाला उपयोग काय? उपयोग असा, की त्या शहराची जुनी हाडे अद्याप जागेवर आहेत. रूळ उखडले गेले, पण रुळांखालच्या जमिनीच्या लांब पट्ट्या पुष्कळ ठिकाणी मोकळ्या राहिल्या. १४ जुलै १९९० रोजी लॉस एंजलिस ते लाँग बीच अशी नवी विजेची रेल्वे सुरू झाली, ती बऱ्याच अंतरापर्यंत लाल गाडीच्याच वाटेने. २० मे २०१६ रोजी दुसरी रेल्वे सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत पोहोचली, तीही जुन्याच पट्टीवरून. या मार्गांना आज अनुक्रमे ‘ए’ आणि ‘ई’ अशी अक्षरे आहेत. शिवाय हॉलीवूडकडे जाणारी भुयारी रेल्वे ‘बी’ या अक्षराने ओळखली जाते. २००८ आणि २०१६ अशा दोन मतदानांत तेथील नागरिकांनी दोनतृतीयांशाहून अधिक बहुमताने स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला, तो मुख्यतः वाहतुकीच्या सोयींसाठी. जून २०२३ मध्ये शहराच्या मध्यभागी नवे भुयार जोडले गेल्याने उत्तरेकडील व दक्षिणेकडील मार्ग एकसंध झाले.

म्हणून मोटार नसलेल्या प्रवाशाने पहिला नियम पाळावा तो हा : आधी रुळांचा नकाशा पाहावा, मग शहराचा. राहण्याची जागा ‘ए’, ‘बी’ किंवा ‘ई’ मार्गावरील एखाद्या स्थानकापासून पायी पोहोचण्याजोगी निवडावी. दूरच्या उपनगरात स्वस्त खोली मिळाली तरी रोजच्या फेऱ्यांत ती महाग पडते. विमानतळावरून ‘फ्लायअवे’ नावाची बस थेट ‘युनियन स्टेशन’ या मुख्य रेल्वेस्थानकावर आणून सोडते.

दुसरा नियम : अंतर मैलांत मोजू नये, वेळात मोजावे. नकाशावर दोन बोटांएवढे दिसणारे अंतर दोन बस बदलून जावयाचे असेल तर दीड तास सहज लागतो. उलट त्याच्या दुप्पट अंतर एकाच रेल्वेने तासाभरात संपते. लाँग बीचला मध्य शहरातून सुमारे एक तास आणि सांता मोनिकाला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. एका दिवशी एकच दिशा धरावी. सकाळी समुद्र, दुपारी डोंगर आणि सायंकाळी हॉलीवूड असा बेत मोटारवाल्यालाही वाहनांच्या गर्दीमुळे साधत नाही.

तिसरा नियम तिकिटाचा. ‘टॅप’ नावाचे एक पत्र आधी पैसे भरून घ्यावयाचे असते. २०२३ साली ठरविलेल्या दरांप्रमाणे एका प्रवासाला पावणेदोन डॉलर पडतात, त्यात दोन तासांपर्यंत गाडी बदलता येते, आणि दिवसाकाठी ५ व आठवड्याकाठी १८ डॉलरांहून अधिक आकार त्या पत्रातून कापला जात नाही. ६२ वर्षांवरील प्रवाशांसाठी सवलतीचे दर आहेत.

एवढी तयारी झाल्यावर रुळांच्या कडेने काय काय दिसते ते पाहू. १९३९ साली खुले झालेले युनियन स्टेशन हेच मुळी प्रेक्षणीय आहे. त्याच्या समोर रस्ता ओलांडला की शहराचे जन्मस्थान लागते. १७८१ साली स्पेनच्या अमलाखाली ४४ माणसांनी येथे वसाहत केली, आणि १८१८ साली बांधलेले मातीच्या विटांचे एक घर अद्याप तेथे उभे आहे. थोडे पुढे चालत गेल्यास १९१७ सालची मोठी मंडई आणि तिच्या समोरच टेकडीवर चढणारी ‘एंजल्स फ्लाइट’ ही १९०१ सालची इवलीशी दोरखंडाची रेल्वे भेटते. ती १९६९ साली बंद पडली, १९९६ साली थोड्या अंतरावर पुन्हा उभारली गेली आणि मध्यंतरीच्या खंडानंतर २०१७ पासून पुन्हा चालू झाली.

‘ए’ मार्गाने दक्षिणेस निघाल्यास वाटेत वॉट्स नावाची श्रमिकांची वस्ती लागते. स्थानकापासून काही मिनिटे चालले की वॉट्सचे मनोरे दिसतात. सायमन रोडिया या इटालियन मजुराने १९२१ ते १९५४ या काळात, दिवसाची मजुरी आटोपल्यावर, एकट्याने आणि परांचीवाचून ते बांधले. लोखंडी सळ्या, सिमेंट, फुटक्या बश्या, बाटल्यांच्या काचा आणि शिंपले हेच त्याचे साहित्य. सळ्या वाकविण्यासाठी तो शेजारच्या लाल गाडीच्या रुळांचाच उपयोग करी. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटर आहे. १९५९ साली हे बांधकाम धोकादायक ठरवून पाडण्याचा नगरपालिकेचा विचार होता. लोकांनी विरोध केला, तेव्हा सुमारे साडेचार हजार किलोग्रॅमचा ताण लावून परीक्षा घेण्यात आली. मनोरे हलले नाहीत आणि ते वाचले. द्रुतगती मार्गाने जाणारा मोटारवाला या वस्तीत सहसा उतरत नाही; रेल्वेचा प्रवासी मात्र तिच्या दारात उतरतो.

‘ई’ मार्गावर एक्स्पोझिशन पार्क आहे. १९१३ साली उघडलेले निसर्गेतिहासाचे संग्रहालय तेथे आहे, आणि १९३२ व १९८४ सालच्या ऑलिंपिकचे क्रीडागारही. त्याच मार्गाच्या अखेरच्या स्थानकापासून सांता मोनिकाचा समुद्र थोडक्याच अंतरावर आहे. ‘बी’ मार्गाने गेल्यास व्हरमाँट–सनसेट स्थानकाहून ग्रिफिथ वेधशाळेची बस मिळते. १९३५ साली उघडलेल्या या वेधशाळेच्या गच्चीवरून संध्याकाळी सारे शहर दिव्यांच्या गालिच्यासारखे पायाशी पसरलेले दिसते. गेटी सेंटर हे डोंगरावरील कलासंग्रहालय रेल्वेवर नाही, परंतु त्याच्या पायथ्याशी बस थांबते. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. शुल्क पडते ते मोटार उभी करण्याचे. बसने येणाऱ्याला व्हॅन गॉगचे चित्र फुकट पाहावयास मिळते!

अडचणी नाहीत असे म्हणणे मात्र खोटेपणाचे ठरेल. रात्री गाड्या विरळ होतात. कित्येक बसथांब्यांवर छप्पर नाही, आणि तेथील उन्हाळा कोरडा व प्रखर असतो; म्हणून पाणी व टोपी बरोबर असावी. रस्ते इतके रुंद आहेत की, वृद्ध माणसाला एका हिरव्या दिव्यात ते ओलांडताना घाई करावी लागते. ज्यांना कोठे आश्रय नाही असे लोक गाडीत निजलेले आढळतात. ते दृश्य मनाला क्लेश देते. आणि डोंगरांतील व दूरच्या किनाऱ्यावरील काही स्थळे मोटारीवाचून जवळजवळ अशक्यच आहेत. ती सोडून द्यावीत, हे शहाणपणाचे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुट्टीत मला आईसह त्या नगरीत बहिणीच्या घरी महिनाभर राहण्याचा योग आला. आईचे वय सत्तरीच्या जवळ. कोंकणी व मराठी यांपलीकडे तिला भाषा नाही. पहिला आठवडा तिने खिडकीपाशीच काढला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे बसने भाजीबाजाराला जाऊ लागलो. तिसऱ्या आठवड्यात बहीण कामावर आणि मी आजारी असताना, बसचा आकडा कागदावर लिहून घेऊन ती एकटीच निघाली. आम्ही अडवू लागलो तेव्हा म्हणाली, “बस आसा न्हय? मागीर भियेवप कित्याक?” दीड तासाने ती कोथिंबीर घेऊन परतली. वाटेत एका स्पॅनिश बोलणाऱ्या बाईने तिला उतरण्याचा थांबा खुणेने दाखविला होता. उतरताना प्रत्येक जण चालकाचे आभार मानतो, हेही तिनेच आम्हाला सांगितले. तीही कोंकणीत ‘देव बरें करूं’ म्हणून उतरली होती.

त्या बसमधील सहप्रवासी कोण होते, याचा विचार केला म्हणजे या विषयाचे मर्म कळते. लॉस एंजलिसमध्ये रेल्वेपेक्षा बसने जाणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आहे, आणि त्यांत हौशी प्रवासी थोडेच. भांडी घासणारे, हॉटेलांतील खोल्या झाडणाऱ्या, रुग्णसेविका, विद्यार्थी, वृद्ध आणि अपंग अशी ती माणसे असतात. नव्या रेल्वेच्या थाटात बसची हेळसांड होते आणि दर वाढतात, म्हणून १९९४ साली या प्रवाशांच्या बाजूने वाहतूक-मंडळावर खटला भरण्यात आला. १९९६ साली तडजोड झाली आणि बसमधील गर्दी कमी करण्याचे व स्वस्त पास देण्याचे बंधन मंडळाने पत्करले. २०२१ सालापासून सहभागी शाळांतील विद्यार्थ्यांना तेथे बस व रेल्वे यांचा प्रवास विनामूल्य करण्यात आला. तेव्हा मोटारीवाचून ती नगरी पाहता येते, याचे श्रेय प्रवाशाच्या चातुर्याला नाही. ज्यांना मोटार परवडत नाही त्यांनी बसची वाट पाहिली, तिच्यासाठी भांडण केले आणि ती चालू ठेवली, म्हणून आपल्याला तीत बसता येते.

तुमच्यापैकी क्रिकेटची आवड असणाऱ्यांना एक वार्ता सांगतो. १९०० सालानंतर प्रथमच क्रिकेटचा समावेश २०२८ सालच्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये झाला आहे, आणि त्याचे सामने पोमोना येथील जत्रेच्या मैदानावर व्हावयाचे ठरले आहे. पोमोना हे मध्य शहरापासून पूर्वेस सुमारे ५० किलोमीटर. मोटारीवाचून तेथे कोणी कसे जावे? तर १९ सप्टेंबर २०२५ रोजी ‘ए’ मार्ग पोमोनापर्यंत वाढविण्यात आला आणि त्यावरील एका स्थानकाला त्या मैदानाचेच नाव जोडलेले आहे. लाँग बीचपासून पोमोनापर्यंतचा हा मार्ग सुमारे ९३ किलोमीटरांचा आहे. १९६१ साली ज्या नगरीने आपली शेवटची लाल गाडी बंद केली, तीच आज त्या वाटेवर पुन्हा रूळ टाकीत आहे, आणि एकदा उखडलेले रूळ पुन्हा घालण्यास किती पैसा व किती पिढ्या लागतात, हेही आता तिला कळून चुकले आहे.

तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत कायद्याने मोटार चालवू शकत नाही. तुमची आजी बहुधा कधीच चालविणार नाही. तेव्हा नगरीची परीक्षा करावयाची झाल्यास तिच्या रस्त्यांची रुंदी मोजू नका. नववीतील मुलगी आणि तिची आजी, दोघींना कोणाची मनधरणी न करता ग्रंथालयात, बाजारात आणि समुद्रकिनारी जाऊन दिवेलागणीपूर्वी घरी परतता येते का, एवढे विचारा. हा प्रश्न लॉस एंजलिसला विचारून झाल्यावर, पुढील सुट्टीत तोच आपल्या गावालाही विचारून पाहा. शाळेपासून तालुक्याच्या ग्रंथालयापर्यंत पायी आणि बसने जा, लागलेला वेळ वहीत टिपा, आणि शेवटची बस किती वाजता सुटते तेही लिहून आणा.